सापडलेले जुने नाणे घासावे की नाही?

गेल्या वर्षी एका शब्बातच्या संध्याकाळी, हावदाला झाल्यावर, आमच्यासमोर टेबलावर एक डबी आली. आम्ही सध्या मुलीकडे सिंगापुरात राहतो. नातवाच्या मित्राच्या वडिलांना मेटल डिटेक्टर घेऊन वाळूत जुन्या वस्तू शोधण्याचा छंद आहे. रीतसर परवानगी काढून ते जातात आणि खड्डा केला तर बुजवून येतात. त्या दिवशी त्यांना चांगी बाजूच्या किनाऱ्याजवळ दोन नाणी मिळाली होती. एक जुन्या रुपयाएवढे, हिरव्या कवचाने झाकलेले. दुसरे पावलीएवढे, काळपट, कडेला हिरवट. ‘तुम्हाला जुन्या गोष्टी कळतात, बघून ठेवा,’ असे म्हणून त्यांनी डबी आमच्याकडे दिली.

आम्ही चाळीस वर्षे मुलांना शिकवले. ‘ठाऊक नसेल त्याला हात लावू नये’ हे वाक्य किती वेळा फळ्यावर लिहिले असेल. तरी त्या रात्री आम्ही वाटीत चिंच भिजत घातली, चिमूटभर मीठ टाकले आणि मोठे नाणे अंगठ्याने चोळायला घेतले. पाच मिनिटांत हिरवे गेले आणि गुलाबी, लखलखीत तांबे वर आले. तेवढाच वेळ आम्हाला आनंद झाला. मग चष्मा लावून पाहिले. एका बाजूला चेहऱ्याची नुसती सावली. दुसऱ्या बाजूला ‘सेंट’ या शब्दाची तीन-चार इंग्रजी अक्षरे, तीही अर्धवट. साल नाही, कडेचा मजकूर नाही. चोळण्यापूर्वी त्या कवचावर अक्षरांच्या रेघा दिसत होत्या, हे नातवाने आठवण करून दिले.

त्या वाटीतल्या हिरव्या पाण्याकडे पाहताना जे कळले, ते वाचकांना सांगावे म्हणून हा लेख.

ही सवय आली कोठून?

आपल्या पिढीच्या माणसाला काळवंडलेले तांबे बघवत नाही. कोकणातल्या घरी हंडा-कळशी चिंचेने किंवा आमसुलाने घासली जायची. मुंबईच्या चाळीतही पेसाह जवळ आला की भिंतींना चुना लागायचा, भांडी कल्हईला जायची. डाग म्हणजे आळस, चकाकी म्हणजे घराची अब्रू. हे संस्कार वाईट नाहीत. ज्या भांड्यात अन्न शिजते ते स्वच्छ असलेच पाहिजे, आणि कल्हई गेलेल्या तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ शिजवला तर तो विषारी होतो हेही खरे.

पण भांडे वापरासाठी असते. जमिनीतून निघालेले जुने नाणे वापरासाठी नसते. ते साक्षीदार असते. साक्षीदाराला कोर्टात उभे करण्याआधी त्याचे तोंड आपण घासून पुसून टाकत नाही.

नाण्यावरचे हिरवे म्हणजे काय?

तांबे हवेत, मातीत किंवा समुद्रात पडले की हळूहळू आपल्या मूळ खनिजाकडे परत जाऊ लागते. धातूला लागून प्रथम एक तांबूस थर बनतो. त्यावर ओलावा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून हिरवा थर चढतो. ही क्रिया सावकाश आणि सारखी झाली, तर तो थर घट्ट बसतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. जुन्या घुमटांवरचा हिरवा रंग पाहिला असेल, तो याच जातीचा.

आता महत्त्वाची गोष्ट. हा थर नाण्यावर बाहेरून साचलेली धूळ नव्हे. तो नाण्याच्याच धातूपासून बनलेला असतो. टांकसाळीत उमटवलेली अक्षरे, राणीचे केस, सालाचे आकडे हे सगळे अनेकदा धातूत शिल्लक राहिलेले नसते. ते त्या थरात जपलेले असते. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतल्या आम्लाने हा थर विरघळतो आणि त्याच्याबरोबर अक्षरेही जातात. खाली उरतो तो खड्ड्याखड्ड्यांचा, मुका तांब्याचा तुकडा. आम्ही वरून मीठ घातले, म्हणजे आणखी वाईट केले. समुद्राच्या मिठानेच तांबे सर्वांत जास्त खाल्ले जाते.

त्या थरात केवळ अक्षरे नसतात. चीनची भोकाची नाणी दोरीत ओवून ठेवत. पुरलेल्या नाण्यांच्या गंजात कधी कधी त्या दोरीचे धागे किंवा पिशवीच्या कापडाची वीण उमटलेली सापडते. सिंगापुरात 1984 साली फोर्ट कॅनिंगच्या टेकडीवर उत्खनन सुरू झाले. 2015 साली नदीच्या मुखाजवळ एम्प्रेस प्लेसला मोठे उत्खनन झाले. रॅफल्स येण्याच्या पाचशे वर्षे आधी येथे भरभराटीचे बंदर होते हे या खोदकामांतून पक्के झाले. चिनी नाणी आणि खापरे हेच त्याचे पुरावे. कोणी हौसेने घासून ठेवली असती, तर त्यांतले किती बोलले असते?

आपल्या इतिहासातलेही उदाहरण घ्या. बार कोखबाच्या बंडात, इ. स. 132 ते 135 या काळात, यहुद्यांनी स्वतःची नाणी पाडली ती रोमन नाण्यांवरच नवा छाप मारून. नीट पाहिले तर काही नाण्यांवर द्राक्षाच्या घडाखाली किंवा वीणेखाली रोमन सम्राटाच्या छापाच्या पुसट रेघा दिसतात. सगळ्या बंडाची हकीकत त्या दोन छापांत आहे. पितळ-पॉलिशचा एक हात आणि खालचा सम्राट गेला.

आमच्या नाण्याने काय सांगितले असते?

सिंगापूर, पेनांग आणि मलाक्का मिळून स्ट्रेट्स सेटलमेंट्स होत. 1867 पर्यंत त्यांचा कारभार हिंदुस्थानातून चाले. येथील व्यापारी हिशेब डॉलरमध्ये करीत आणि सुट्ट्या पैशांची कायम ओढ असे. 1830 च्या सुमारास तर व्यापाऱ्यांनी विलायतेहून कोंबड्याचे चित्र असलेली तांब्याची नाणी स्वतःच मागवून चालवली. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने खास या वसाहतींसाठी एक सेंट, अर्धा सेंट आणि पाव सेंट अशी तांब्याची नाणी काढली, त्यांवर साल 1845 आहे. 1857 च्या उठावानंतर कंपनीचे राज्य गेले. मग 1862 सालच्या नाण्यांवर कंपनीचे नाव नाही, ‘इंडिया स्ट्रेट्स’ असे शब्द आहेत. 1867 ला वसाहत थेट लंडनच्या हाताखाली गेली, तेव्हा नाण्यांवर ‘स्ट्रेट्स सेटलमेंट्स’ आले.

म्हणजे एका सेंटच्या कडेवरचे दोन-तीन शब्द तीन राजवटी सांगतात. आमचे नाणे कंपनीचे की राणीचे, हे आता कोणीही सांगू शकत नाही. ज्या काळी हिंदुस्थानातले कैदी येथे रस्ते बांधत होते आणि सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलची उभारणी करीत होते, त्याच काळातले ते असावे. पण ‘असावे’ म्हणजे पुरावा नव्हे.

दुसरे नाणे कसे वाचले?

दुसरे नाणे वाचले ते आमच्या शहाणपणाने नव्हे. ते चांदीचे आहे असे वाटले. चांदीला राखुंडी किंवा दंतमंजन लागते, आणि सिंगापूरच्या घरात राखुंडी कोठून मिळणार? सकाळी दुकानात जाऊ म्हणून ते तसेच ठेवले. रात्री पहिल्या नाण्याची गत झाल्यावर दुकानात जाण्याचे धैर्य उरले नाही.

त्या गृहस्थांनी ते नाणे फक्त डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवले. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलले. सुमारे महिन्याभरात वाळू आणि खार आपोआप सुटले. काळा रंग तसाच राहिला. मग तिरक्या उजेडात भिंग धरून पाहिले: राजा सातवा एडवर्ड, दहा सेंट, साल 1910, आणि एक बारीक इंग्रजी ‘बी’.

हा ‘बी’ म्हणजे बॉम्बे. फोर्टातली आपली टांकसाळ! मांडवीच्या सॅम्युएल स्ट्रीटवरून पायी जाता येईल अशा अंतरावर हे नाणे पाडले गेले, बोटीने सिंगापूरला आले, कोणाच्या तरी खिशातून पडले आणि शंभर वर्षे वाळूत राहिले. 1903 साली स्ट्रेट्स सेटलमेंट्सचा पहिला चांदीचा डॉलर निघाला, तोही मुंबईतच पाडलेला. त्याआधी 1895 पासून पूर्वेकडच्या व्यापारासाठी ब्रिटिश डॉलर काढत. त्यावर ब्रिटानिया त्रिशूळ घेऊन उभी आहे, आणि मुंबईच्या डॉलरवर त्या त्रिशुळाच्या मधल्या टोकात मोहरीएवढा ‘बी’ कोरलेला असतो. कापडाने चार वेळा रगडले की असले अक्षर जाते. आमच्या हातून तो ‘बी’ जाणारच होता. केवळ राखुंडी नव्हती म्हणून तो उरला.

चांदीचे नाणे कडेला हिरवट का, हेही तेव्हा उमगले. 1910 च्या या दहा सेंटात चांदी साधारण साठ टक्के, बाकी तांबे. समुद्रात तांबे आधी झिरपते आणि हिरवे होऊन वर येते. अशा नाण्याला आम्ल लावले तर उरलेले तांबेही निघते आणि नाणे सच्छिद्र, ठिसूळ होते. चांदीवरचा काळा रंग हा गंधकाचा थर आहे. अॅल्युमिनियमचा कागद, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी यांनी तो उतरतो खरा. रोजच्या चमच्याला हा उपाय ठीक आहे. जुन्या नाण्याला मात्र तो निस्तेज, पांढरट करून सोडतो, आणि जाणकार संग्राहक असे नाणे हातात घेताच खाली ठेवतो.

मग करावे तरी काय?

पहिली गोष्ट, काही न करणे. दुसरी, लिहून ठेवणे: कोठे सापडले, किती खोल, जवळ काय होते, कोणत्या दिवशी. फोटो काढावा. हे सगळे धुण्याच्या आधी.

मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवावे. नळाचे पाणी नको, त्यात क्लोरीन असते. माती मऊ झाली की बांबूच्या काडीने किंवा लाकडी टूथपिकने, भिंगाखाली, अलगद सोडवावी. घासू नये, टोचू नये. मातीचा कण निघत नसेल तर राहू द्यावा. तारेचा ब्रश, टूथपेस्ट, रांगोळी, पितळ-पॉलिश यांपैकी काहीही लावू नये. तेलात महिनोन्‌महिने बुडवून ठेवण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. आपण शनवार तेल्यांचे वंशज, आपल्याला तो पटकन पटेलही. पण तेलातही आम्ल असते. ते खवट होते, नाण्याचा रंग बदलते आणि पुढे जाणकाराला काम करणे कठीण करते.

भिजवून झाल्यावर मऊ कापडाने टिपावे, पुसू नये, आणि सावलीत पूर्ण वाळवावे. धरताना कडेला धरावे, कारण आपल्या घामातही मीठ असते.

एका बाबतीत मात्र स्वस्थ बसू नये. तांब्याच्या किंवा कांशाच्या नाण्यावर फिकट हिरव्या रंगाची, खडूच्या भुकटीसारखी पूड दिसू लागली आणि पुसली तरी पुन्हा येऊ लागली, तर तो रोग समजावा. नाण्यात मुरलेला क्षार हवेतल्या ओलाव्याशी मिळून धातू आतून खातो. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर म्हणजे त्वचा. सुटी, फिकट पूड म्हणजे जखम. असे नाणे बाकीच्यांपासून वेगळे करून, कोरडे ठेवून, वस्तुसंग्रहालयाच्या किंवा जतनाच्या जाणकाराला दाखवावे. घरी औषधोपचार करू नयेत.

आणि साफ करायला हरकत नाही अशीही नाणी असतात. ईस्ट कोस्टचा किनारा हा 1966 पासून समुद्रात भर घालून तयार केलेली जमीन आहे. तेथे वरच्या वाळूत मिळतात ती बहुतेक सहलीला आलेल्यांच्या खिशातली चालू नाणी. 2013 पासूनची सिंगापूरची नाणी तर मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत, खाऱ्या पाण्यात ती लवकर तांबेरतात. अशी नाणी साबणाच्या पाण्याने खुशाल धुवावीत. पण भरावाची मातीही कोठल्या तरी जुन्या टेकडीवरून आलेली असते. म्हणून आधी पाहावे, मग धुवावे.

नाणे कोणाचे?

घासण्याच्या आधीचा प्रश्न हा आहे, आणि आपल्या धर्मात तो फार जुना आहे. हरवलेली वस्तू भावाला परत कर, तिच्याकडे पाठ फिरवू नकोस, अशी आज्ञा देवारीमच्या 22 व्या अध्यायात आहे. बावा मेत्सिया या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात त्याचा तपशील येतो. विखुरलेली नाणी सापडणाऱ्याची, कारण मालकाने आशा सोडलेली असणार. समुद्राने वाहून नेलेले तेही तसेच. पण पिशवीत असलेली किंवा एकावर एक तीन रचलेली नाणी सापडली, तर जाहीर करावे लागते. ती कोणी तरी मुद्दाम ठेवली होती, आणि मालक ती खूण सांगू शकतो.

आम्ही हे मुलांना अनेकदा शिकवले, पण अर्थ आता उलगडला. नाणे तेच, पण त्याची मांडणी साक्ष देते. उत्खनन करणारेही हेच सांगतात. नाणे उचलण्याआधी ते कसे पडले होते ते पाहा.

आजचे कायदेही लक्षात ठेवावेत. इस्राएलमध्ये 1978 च्या कायद्याप्रमाणे इ. स. 1700 पूर्वीची मानवनिर्मित वस्तू पुरातन ठरते आणि ती राज्याची असते. सापडल्यास पंधरा दिवसांत कळवावे लागते. परवान्याशिवाय मेटल डिटेक्टर घेऊन पुरातन वस्तू शोधणे गुन्हा आहे. नातवंडे अश्कलोनच्या किनाऱ्यावर यंत्र घेऊन निघाली तर त्यांना हे सांगा. भारतात 1878 चा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ऐवज सापडला तर कलेक्टरला कळवावे लागते. सिंगापुरात 2021 साली कायदा दुरुस्त होऊन सरकारी जमिनीतल्या पुरातत्त्वीय वस्तूंवर सरकारचा हक्क स्पष्ट झाला. जुने काही दिसले तर नॅशनल हेरिटेज बोर्डाला कळवावे, आणि उद्यानात यंत्र नेण्यापूर्वी उद्यान खात्याला विचारावे.

चांगीबद्दल आणखी एक. फेब्रुवारी 1942 मध्ये, सिंगापूर जपान्यांच्या हाती गेल्यावर पाच दिवसांनी, चांगीच्या किनाऱ्यावर चिनी पुरुषांना उभे करून गोळ्या घातल्या. तेथे स्मारकाचा दगड आहे. पुढच्या वर्षी येथील यहुदी कुटुंबांनाही कैदेत टाकण्यात आले. अशा वाळूत बटण, बक्कल किंवा हाड लागले तर हात थांबवावा आणि पोलिसांना बोलवावे. काही वस्तू आपल्याला सापडण्यासाठी नसतात.

आपल्या पेटीतली नाणी

आपल्यापैकी फार थोडे जण यंत्र घेऊन वाळूत फिरणार. पण बहुतेकांच्या कपाटात एक डबी आहे: आजीची पुतळ्यांची माळ, एखादी शिवराई, भोकाचा पैसा, अलिबाग-रेवदंड्याकडून मुंबईला आणि मुंबईहून लोदला किंवा दिमोनाला आलेली. पेसाहच्या साफसफाईत ती डबी हाती येईल, तेव्हा ब्रास्सो लावू नका. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पिशव्यांतून काढा, कारण त्या कालांतराने चिकट हिरवा द्रव सोडतात. कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा, डबीत सिलिका जेलची पुडी टाका. सिंगापूरसारख्या दमट हवेत तर ती वेळोवेळी बदला.

आणि प्रत्येक पाकिटावर लिहा: हे कोणाचे, कोणत्या गावचे, तुमच्याकडे कसे आले. मराठीत लिहा, खाली हिब्रूत लिहा, म्हणजे नातवंडांना वाचता येईल. नाण्यावरचे साल भिंगाने पुढेही वाचता येईल. ते कोणाच्या पदराला बांधलेले होते, हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

आमचे घासलेले नाणे आम्ही टाकले नाही. त्या गृहस्थांनी ते आम्हालाच दिले. पाकिटावर आम्ही लिहिले आहे: ‘चांगी. एक सेंट. साल आम्ही पुसले.’ त्याच्या शेजारी काळे दहा सेंट आहे. नातू पाहुण्यांना दोन्ही दाखवतो, पण भिंग काढतो ते काळ्यासाठी.